‘बघू’ पाठवता येत नाही

वर्तमानपत्राच्या विज्ञानाच्या पानावर मथळे द्यायचं काम मी करतो. विज्ञानाशी माझा संबंध तेवढाच. ‘आता मनातलं थेट मनात!’ हा गाजलेला मथळा माझाच. खालच्या बातमीत एवढंच होतं, की एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ जातं, तेही कसंबसं. पण ते मथळ्यात शोभलं नसतं.

घरी मात्र मी एवढा ठाम कधीच नसतो. सासूबाई गेल्यापासून सासरे एकटे राहतात. त्यांना आपल्याकडे आणायचं का, असं बायको विचारते आणि मी म्हणतो, ‘बघू.’ नाही म्हणायची हिंमत नाही आणि हो म्हटलं तर माझी लिहायची खोली जाते. त्या खोलीत मी लिहीत नाही, घोरतो, ही गोष्ट वेगळी.

मथळ्यावर खूश होऊन बातमीतल्या त्या प्रयोगशाळेनं आम्हा नवराबायकोला प्रयोगासाठी बोलावलं. डोक्यावर तारांची टोपी, केसांत चिकट लेप. आरशात माझं ध्यान बघवत नव्हतं. पलीकडच्या खोलीतून बायको माइकवर प्रश्न विचारणार. ‘हो’ म्हणायचं तर मी उजवा हात हलवतोय अशी कल्पना करायची. मग तिच्या डोक्यामागचं यंत्र चालू होऊन तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे प्रकाश चमकणार. ‘नाही’ असेल तर अंधार.

मला वाटलं, चहाबिहाचं विचारेल.

‘‘बाबांना आणायचं का?’’

मनातल्या मनात हात उचलला, अर्ध्यात थांबलो, पुन्हा उचलला. पडद्यावरची रेघ जरा वर सरकली आणि खाली बसली.

‘‘काहीच गेलं नाही,’’ माझ्याजवळच्या संशोधक बाई म्हणाल्या. ‘‘नक्की काय आहे तुमच्या मनात?’’

मनात ‘बघू’ होतं. एवढ्या महागड्या यंत्रात त्याला जागा नव्हती.

तेवढ्यात पलीकडून बायको ओरडली, ‘‘दिसला! लख्ख दिसला! हो म्हणाले!’’

बाई गोंधळून पडद्याकडे बघत राहिल्या. मला मात्र सगळं कळलं, तेही यंत्राशिवाय. पण फुगवलेल्या बातम्यांवर पोट भरणाऱ्यानं कुठल्या तोंडानं बोलायचं? मुकाट्यानं डोकं धुतलं.

रविवारी सासरे आले ते बॅग हातात धरून दारातच थांबले.

‘‘जावईबापू, तुमच्या मनातलं यंत्रानं सांगितलं म्हणे. माझा काही त्यावर विश्वास नाही. एकदा तुमच्या तोंडून ऐकतो, मगच आत येतो.’’

त्यांच्यामागे बायको उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला माझी एवढी धास्ती वाटावी, याची मला लाज वाटली. ‘बघू’ जिभेवर येऊन बसलंच होतं. ते गिळलं.

‘‘हो, बाबा,’’ मी म्हणालो. ‘‘या, तुमची खोली दाखवतो.’’