उजव्या छातीवरची पदकं

माझ्या नणंदेबद्दल लोक दोन गोष्टी सांगतात आणि दोन्ही अर्धवट सांगतात. एक म्हणजे तिच्यासारखा विमानाचा फोटो कुणी काढला नाही. दुसरी म्हणजे म्हातारपणी तिची नजर गेली आणि तिच्या हातून मोठ्या साहेबांचा फोटो उलटा छापला गेला. हवाई तळाच्या कचेरीनं हेच पसरवलं आणि लोकांनी ते गिळलं. नजर वगैरे काही गेली नव्हती. मी चष्मा शोधत घरभर फिरायला लागले की तो माझ्याच डोक्यावर आहे हे ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडून सांगायची. तेव्हा झालं ते एकदाचं नीट लिहून टाकते.

तळाच्या फाटकासमोरचा फोटो स्टुडिओ माझ्या सासऱ्यांनी थाटला. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, रसायनांच्या वासानं शिंकत शिंकत बँकेत नोकरीला गेले, तेव्हा स्टुडिओ मुलीकडे आला. वन्सं लवकर विधवा झाल्या, कडेवर एक मुलगा घेऊन माहेरी परतल्या आणि रडायला म्हणून डार्करूममध्ये शिरल्या त्या तिथेच रमल्या. पुढची खोली माझ्याकडे. फ्रेमा ठोकायच्या, काचा पुसायच्या आणि उशीर झाला म्हणून गिऱ्हाइकं भांडायला आली की त्यांच्याशी भांडायचं. हे शेवटचं काम मला चांगलं जमायचं.

तळाची सगळी कामं वन्संकडे होती. शपथविधी, संचलन, नवी विमानं, जुन्या विमानांना निरोप. धावपट्टीच्या कडेला गवतात पालथ्या पडून त्या फोटो काढायच्या. उठल्या की साडीला कुसळं, केसांना ग्रीस आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू विमान यांनीच उडवलं. शिपाई असो की साहेब, कॅमेऱ्यासमोर आला की त्या एकच ओरडायच्या, "हलू नका!" तळावर त्यांना सगळे पाठीमागे ‘हलूनका’ म्हणायचे आणि पुढेपुढे तोंडावरही म्हणायला लागले.

तळावर एक रीत होती. नवा वैमानिक रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याचा एक फोटो काढून ठेवायचा. तो कुणाला द्यायचा नाही, पेटीत ठेवायचा. वैमानिक सुखरूप निवृत्त झाला तर जाताना घेऊन जाणार. मेला, तर सभागृहाच्या भिंतीवर तो टांगणार. पोरं त्याला ‘भिंतीचा फोटो’ म्हणायची आणि तो काढून घेताना भलती चेष्टा करायची.

"बाई, जरा उजळ काढा हं. टांगल्यावर आई म्हणायला नको, पोरगं उन्हात करपलं होतं."

"मेल्या, आधी म्हातारा हो. मान वर कर. हलू नकोस!"

वन्संचा मुलगा वैमानिक झाला. लहानपणापासून दोन्ही हात पसरून घरभर घुंऽऽ करत पळायचा म्हणून आम्ही त्याला भुंगा म्हणायचो. त्याचाही भिंतीचा फोटो आईनंच काढला. मी शेजारी दिवा धरून उभी होते.

"आई, हसू का?"

"हसू नकोस. तू हसलास की कान बाहेर येतात."

"मामी, कान बाहेरच असतात ना गं? हिला म्हणावं, सगळ्यांचेच असतात."

मला हसू आलं, दिवा हलला, तो हसला आणि तोच क्षण फोटोत आला. वन्सं चिडल्या, पण दुसरा काढला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी तळावर कुणी मोठे पाहुणे आले. मोठे साहेब, म्हणजे तळाचे प्रमुख, यांनी पाच विमानांची सलामी ठेवली होती. भुंग्याच्या विमानाच्या फिटरनं सकाळी सगळ्यांदेखत सांगितलं, "साहेब, हे इंजिन खोकतंय. आज नको." साहेब म्हणाले, "पाहुणे पाच विमानं बघायला आलेत. चार नाही."

इंजिन बंद पडलं ते मंडपावरून पुढे गेल्यावर. खाली भरलेला बाजार. भुंग्यानं उडी टाकली असती तर तो वाचला असता आणि बाजार जळला असता. त्यानं विमान कोरड्या नदीपर्यंत ओढत नेलं. मग उडी टाकायला वेळच उरला नाही.

वन्सं त्या वेळी मंडपासमोर होत्या. फोटो पाहुण्यांचे काढायचे होते, त्यामुळे कॅमेरा मंडपावर रोखलेला. पाठीमागे कुणाचं विमान पडलं ते त्यांना कळलं नव्हतं. धूर दिसला तरी साहेब पाहुण्यांच्या शेजारून हलले नाहीत. छत्री धरून त्यांना गाडीपर्यंत सोडलं, दार लावलं, सलाम ठोकला. संध्याकाळी दोन शिपाई आले आणि मान खाली घालून वन्संच्या फिल्म घेऊन गेले. पुढे चौकशी झाली. ठरलं काय, तर वैमानिकाची चूक. फिटरची बदली कुठल्याकुठे झाली. आणि साहेबांना पदक मिळालं. जळत्या विमानात शिरून वैमानिकाला बाहेर काढायचा प्रयत्न केला म्हणून!

वन्सं त्यांना भेटायला गेल्या. मीही बरोबर होते. मागणं एवढंच होतं, की मुलाचा फोटो भिंतीवर लावा.

साहेब उठून उभे राहिले, आवाज मऊ केला. "बाई, मला तुमचं दुःख कळतं. पण चूक करून मेलेल्यांची भिंत नाही ही."

घरी आल्यावर वन्संनी चपला काढल्या, कॅमेऱ्याची लेन्स पुसायला घेतली आणि म्हणाल्या, "वहिनी, याला मी सोडणार नाही."

"काय करणार? लेन्स फेकून मारणार?"

"ते ठरवीन."

ठरवायला त्यांनी सहा वर्षं घेतली. तोवर काम सोडलं नाही, साहेबांशी बोलायचं सोडलं नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाचेही फोटो काढले. शेजारपाजारच्या बायका मला सांगायच्या, "किती मोठं मन हो तुमच्या नणंदेचं! सगळं विसरल्या." मी म्हणायची, "हो ना." क्षमेवर व्याख्यान देणाऱ्या माणसांचं सहसा काही जळालेलं नसतं, असा माझा अनुभव आहे. मला वन्संचा राग पसंत होता. तो रोज घासूनपुसून ठेवलेला होता आणि त्यावर धूळ बसत नव्हती.

साहेबांची निवृत्ती आली. निवृत्त होणाऱ्या प्रमुखाचा पुरुषभर उंचीचा फोटो सभागृहात, शहिदांच्या भिंतीच्या बरोबर समोर लावतात. स्मृतिदिनाला त्यावरचा पडदा बाजूला ओढायचा, आठवड्यानं निरोप समारंभ. वन्सं मला म्हणाल्या, "आता सापडला हा."

आता पदकांचं एक सांगायला हवं. ज्याची पदकं त्यानं ती डाव्या छातीवर लावायची. तो मेला, तर स्मृतिदिनाला त्याची आई किंवा बायको ती लावते, पण उजव्या छातीवर. म्हणजे बघणाऱ्याला न विचारता कळतं की हे हिचं नाही, मेलेल्याचं आहे. तळावरच्या कुत्र्यालाही हे ठाऊक होतं.

आणि निगेटिव्हचं सांगायला हवं. तिची एक बाजू चमकते, एक मंद असते. छापताना मंद बाजू कागदाकडे ठेवायची. उलटी घातली तर डावं उजवं होतं. शिकाऊ माणसाकडून असं एकदा तरी होतंच. लष्करी फोटो काढणाऱ्याकडून होत नाही, कारण पदकं लगेच चुगली करतात.

वन्संनी निगेटिव्ह पालथी घातली. मी शेजारी उभी होते. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये साहेब हळूहळू वर आले, उजव्या छातीवर पदकांची ओळ घेऊन.

"वन्सं, अहो, त्यांना आधी दाखवावा लागेल ना! बघताक्षणी ओळखतील."

"तेच एकटे ओळखणार नाहीत," वन्सं म्हणाल्या. "ते स्वतःला कुठे बघतात? आरशात. रोज तासभर. आरशात असेच दिसतात."

साहेब आले. फोटोसमोर उभे राहिले, दोन पावलं मागे गेले, मान तिरकी केली. साहेब म्हणाले, "काय सांगू बाई! आयुष्यात पहिल्यांदा फोटोत मी मला माझ्यासारखा वाटतोय. नेहमी काहीतरी परकं दिसतं." मग बजावून गेले, की पडदा ओढेपर्यंत कुणालाही दाखवू नका. आम्ही कशाला दाखवतोय!

स्मृतिदिनाला पहिल्या रांगेत आया आणि विधवा बसल्या होत्या. प्रत्येकीच्या उजव्या छातीवर पदकं. बिगुल झाला, शांतता पाळून झाली, पडदा ओढला. टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यात विरल्या. मागे कुणी तरी खाकरलं. साहेब हसत उभे. त्यांना काही कळेचना.

पहिल्या रांगेत एका वैमानिकाची म्हातारी आई होती. कानानं कमी ऐकायची, म्हणून बोलायची मोठ्यानं. तिनं शेजारणीला विचारलं, "हे कुणाची पदकं लावून उभे आहेत गं?"

शेजारीण म्हणाली, "हळू बोला."

"हळू काय? उजवीकडे आहेत ना? मग मेलेल्याची असणार. कुणाची आहेत?"

साहेबांनी वळून फोटोकडे पाहिलं. मग स्वतःच्या छातीकडे. मग परत फोटोकडे. तेवढं पाहायला मी सहा वर्षं काय, बारा थांबले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते साध्या कपड्यांत स्टुडिओत आले. "मुद्दाम केलंत तुम्ही."

"मुद्दाम काय, साहेब? तुम्हाला आवडला म्हणून तर लावला," वन्सं म्हणाल्या.

साहेब खुर्चीवर बसले. रागावून उपयोग नाही हे त्यांना कळत होतं. सगळा तळ एकच प्रश्न विचारत होता, कुणाची पदकं? शेवटी ते मुद्द्यावर आले. निरोप समारंभात वन्संनी सगळ्यांसमोर खुलासा करायचा आणि सरळ छापलेला फोटो द्यायचा. त्या बदल्यात भुंग्याचा फोटो भिंतीवर.

मी वन्संकडे बघत होते. त्यांना सूड हवा होता, पण पोराची जागाही हवी होती. एक घेतलं तर दुसरं जाणार, असंच दिसत होतं.

"फोटो तुम्ही लावायचा," वन्सं म्हणाल्या. "तुमच्या हातानं, आणि आधी."

"आणि मग तुम्ही सांगाल?"

"मग सगळ्यांसमोर सांगेन, काय झालं ते."

"शब्द?"

"शब्द."

साहेब सुटकेचा निःश्वास टाकून गेले. काय झालं ते सांगेन, एवढंच वन्सं बोलल्या होत्या. साहेबांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं. मी भुंग्याच्या फोटोची फ्रेम ठोकायला घेतली.

निरोप समारंभाला पहिल्या रांगेत त्याच आया आणि विधवा होत्या. साहेबांनी मोठ्या मनावर भाषण केलं. अर्थात स्वतःच्या. चूक झालेल्या शूर पोरालाही आपण जागा देतो आहोत, वगैरे. मग स्टुलावर चढले. शिपायानं खिळा पुढे केला. सगळं सभागृह बघत होतं. दोनदा हातोडी बोटावर बसली. फोटो टांगून ते खाली उतरले. कान बाहेर काढून भुंगा हसत होता.

वन्सं उठल्या. माइक घेतला नाही.

"मोठ्या साहेबांचा फोटो मी उलटा छापला," त्या म्हणाल्या. साहेबांनी समाधानानं मान हलवली. "निगेटिव्ह मीच पालथी घातली. हात चुकला नाही, नजर चुकली नाही. त्यांच्या छातीवर शेवटचं पदक आहे ना, ते ज्या दिवसाचं आहे त्या दिवशी हे मंडपातून हलले नाहीत. माझा कॅमेरा यांच्यावर होता. माझा मुलगा जळत होता आणि मी यांचा फोटो काढत होते. इंजिन खोकतंय हे यांना सकाळीच सांगितलं होतं. ते पदक त्याचं आहे. उजवीकडेच शोभतं."

साहेबांनी शिपायाला हुकूम सोडला, "तो फोटो खाली घ्या!"

शिपाई जागचा हलला नाही. त्याआधीच ती कमी ऐकणारी म्हातारी आई उठली होती. तिनं आपली खुर्ची फरफटत नेली, भुंग्याच्या फोटोखाली ठेवली आणि मांडीवर पिशवी घेऊन बसली. "या," ती म्हणाली. "मला उचला आधी."

तिच्या शेजारी दुसरी जाऊन बसली. मग तिसरी. साहेब दारातून निघून गेले. सलाम कुणी केला, कुणी नाही, ते मी मोजलं नाही.

त्यांचा उलटा फोटो नव्या प्रमुखांनी गुंडाळून त्यांच्या घरी पाठवला. महिन्याभरानं साहेबांचा माणूस सरळ छापलेला फोटो मागायला आला. वन्संनी निगेटिव्ह आणली आणि माझ्यापुढे ठेवली, वर कात्री ठेवली. मी तिचे चार तुकडे केले. माणूस ते बघून गेला. वन्संनी शब्द फोटोचा दिला नव्हता. आणि दिला असता तरी मी कापलीच असती.

लोक विचारायचे, आता तरी शांत वाटतं का? वन्सं म्हणायच्या, "शांत कशाला वाटायला हवं?" त्यांना पोरगा हवा होता, तो काही परत आला नाही. पण संध्याकाळी डार्करूममधून त्यांच्या गुणगुणण्याचा आवाज यायला लागला. तो सहा वर्षं आला नव्हता.

पुढच्या स्मृतिदिनाला आम्ही सभागृहात गेलो. भिंतीवरचे सगळे फोटो एका रेषेत, भुंग्याचा तेवढा डावीकडे झुकलेला. नव्या प्रमुखांना ते खटकलं. ते स्वतः पुढे झाले.

"बाई, खिळा वाकडा बसलाय. सरळ करून देतो."

"हात लावू नका," वन्सं म्हणाल्या. "हा एवढाच वाकडा का, म्हणून लोक विचारतात. मग कुणी टांगला ते सांगावं लागतं. सांगू देत."