कानामागचा डाग

आमच्या मेहुण्यांची साक्ष कोणत्याही न्यायालयात पाच मिनिटेही टिकली नसती. ते ती लग्नाच्या मांडवात देतात, आणि तिथे उलटतपासणीची सोय नसते.

नव्वदच्या दशकात मी इंदापूरला वकिली करीत होतो. एका हिवाळ्यात पत्नीच्या उजव्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर काहीतरी घुमू लागले. पुढे चालताना तिचा तोल जाऊ लागला, प्यालेले पाणी नाकावाटे परतू लागले. तेव्हा कऱ्हाटीहून मेहुणे आले. त्यांच्या वाडवडिलांनी मेंढरे राखली होती, एवढ्या पात्रतेवर त्यांनी निदान केले.

"गरगऱ्या मेंढरावानी चालतीया. डोक्यात पानी झालंय. डागलं की बसंल."

मी कोर्टात असताना त्यांनी तापवलेल्या बिब्ब्याने तिला कानामागे डागले. मी परतलो तेव्हा हे गृहस्थ मोठी शस्त्रक्रिया उरकल्याच्या ऐटीत माझ्याच ओट्यावर चहा पीत होते.

पुण्याच्या स्कॅनमध्ये मेंदूच्या देठाला सूज दिसली. गाठ असावी, असे म्हणून तिथल्या तज्ज्ञांनी हात वर केले. त्यांच्याविषयीही माझे मत बरे नाही. कानात काय घुमते, हे एकानेही विचारले नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी तेच आधी विचारले. न वाळलेल्या डागाला लागूनच त्यांनी स्टेथोस्कोप टेकवला आणि नळ्या माझ्या कानांत दिल्या. भाता चालावा तसा फुसफुसाट, नाडीला धरून. डाग होता आणि आवाजही होता. मेहुण्यांच्या विद्येची किंमत मला तिथेच कळली.

मग जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन चित्रे घेतली. मेंदूच्या आवरणातली धमनी थेट शिरेत उघडली होती आणि दाबाचे रक्त उलटे शिरून मेंदूच्या देठात तुंबत होते. गिळणे, श्वास घेणे तिथूनच चालते. उशीर केला तर दोन्ही जातील, असे ते म्हणाले. त्याच वाटेने, आत गेल्यावर घट्ट होणारे द्रव्य सोडून त्यांनी तो जोड बुजवला. आवाज थांबला. गिळणे काही आठवड्यांत सुधारले, चालणे त्याहून सावकाश.

तरीही परवाच्या लग्नात मेहुण्यांनी बहिणीचे केस बाजूला सारून मांडवाला खूण दाखवली.

"ह्यो बगा! आमी डागलं तितंच मुंबईवाल्यांनी बुजीवलं. जागा आमचीच."

"डागल्यावरही आवाज चालू होता. मी स्वतः ऐकला आहे."

"दाजी, तुमी काय ऐकलं ते तुमालाच म्हाईत. आमचा डाग हितं हाय. तुमचा पुरावा कुठं हाय?"

माझा पुरावा पत्नीच्या जांघेत आहे, मोहरीएवढा. मांडवाने एकमताने निकाल बिब्ब्याच्या बाजूने दिला. अशा पंचांपुढे मी आणखी बोलणे कमीपणाचे मानले.

पत्नी माझ्याकडे किंचित कलली. "दावू का, वकीलसाहेब?" ती हळूच म्हणाली, आणि ताटातली जिलेबी तोंडात टाकून सावकाश गिळली.