पहिल्या तारखेला कोणी जात नाही

माझ्या नावानं अटकेचं वॉरंट निघालेलं आहे, हे मला नोकरीच्या एका फॉर्ममुळे कळलं. २००४ साल होतं. माझी पीएचडी संपत आली होती, आणि न्यू जर्सीत वेस्ट विंडसरच्या बाजूला एका प्रयोगशाळेनं मला नोकरी देऊ केली होती. ती मिळाली तर व्हिसा, नाही मिळाली तर परतीचं तिकीट. फॉर्मवर प्रश्न होता: तुमच्याविरुद्ध कुठल्या न्यायालयात काही प्रलंबित आहे का? मी 'नाही' लिहिणारच होतो. तेवढ्यात आठवलं, की मार्चमध्ये माझ्या विद्यापीठापासून दीड तासावरच्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मक्याच्या शेतांमधल्या सरळसोट रस्त्यावर, मला वेगाबद्दल पोलिसांचं तिकीट मिळालं होतं. ताशी पंचावन्न मैलांच्या रस्त्यावर मी ब्याऐंशीनं चाललो होतो. एवढ्या वेगाला नुसता दंड पाठवून भागत नाही, कोर्टात जावं लागतं. मी गेलो नव्हतो.

न जाण्यामागे कायदेशीर सल्ला होता. तो दिला होता काकांनी. आमच्या अपार्टमेंट्समध्ये राहणाऱ्या, जीवशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका ताईंचे हे वडील. लेकीकडे सहा महिन्यांसाठी आले होते. विदर्भातल्या एका तालुका कोर्टात ते एकतीस वर्षं बेलिफ होते. समन्स घेऊन सायकलवरून गावोगाव फिरायचं, माणूस हुडकायचा, दोन पंचांसमोर कागद त्याच्या हातात द्यायचा आणि सही घ्यायची. माणूस नाहीच सापडला, तर त्याच पंचांसमोर कागद त्याच्या दारावर चिकटवायचा. अमेरिकेत हुडकण्यासारखं कोणी नसल्यामुळे ते लाँड्रीच्या खोलीत बसून आम्हा विद्यार्थ्यांना हुडकत.

तिकीट त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं होतं.

"ही पहिली तारीख आहे ना? मग काऊन जातं? पहिल्या तारखेला कोणी जात नाही, बाबू. जज रजेवर असते, नाहीतर फाइल सापडत नाही. आपण अर्ज टाकू. परीक्षा आहे, पुढची तारीख मिळावी."

"बाबा, ही अमेरिका आहे," ताई म्हणाल्या.

"कोर्ट हे कोर्ट असते."

अमेरिकन राज्यघटनेवरची दोन जाडजूड पुस्तकं तेव्हा माझ्या उशाशी होती. तरीही मला काकांचं पटलं, कारण त्यांच्या सल्ल्यात मला काहीच करायचं नव्हतं. अर्ज त्यांनीच सांगितला, मी टाइप करून पोस्टात टाकला. पुढच्याच महिन्यात मी समोरच्या इमारतीत राहायला गेलो, जुना फोन बंद केला आणि प्रकरण विसरलो.

आता मी शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाच्या, कचेरीत फोन केला. वॉरंट आहे की नाही ते फोनवर सांगता येत नाही, स्वतः या, असं उत्तर मिळालं. त्या आमंत्रणातला गोडवा मला आवडला नाही. मग कोर्टात फोन लावला. एका बाईंनी उचलला. मी नोकरीच्या फॉर्मसकट सगळं सांगितलं. त्यांनी नाव विचारलं, रिसीव्हर टेबलावर ठेवला, लोखंडी खण ओढल्याचा आवाज आला.

"हो, आहे," त्या म्हणाल्या. "पण घाबरू नका. तुम्ही तारखेला आला नाहीत म्हणून न्यायाधीशांनी बसल्या जागी काढलेलं वॉरंट आहे, तुम्ही कोणाचा खून केलेला नाही. मंगळवारी सकाळी साडेआठला या आणि थेट माझ्या खिडकीशी या. शेरिफकडे गेलात तर त्यांना तुम्हाला आत घ्यावंच लागेल, त्यांचं कामच आहे ते. माझ्याकडे आलात तर मी तुमचं नाव त्या दिवशीच्या यादीत शेवटी घालते."

"इतकंच?"

"आणि येताना हळू या."

मी गाडी चालवणं शक्यच नव्हतं. कोणी अडवलं असतं तर मंगळवारऐवजी तुरुंगच गाठला असता. ताईंनी रजा घेतली. काकांचा चेहरा दोन दिवस उतरलेला होता, पण सल्ला संपलेला नव्हता.

"मेडिकल सर्टिफिकेट लाव. कावीळ. काविळीवर जज प्रश्न विचारत नाही."

"बाबा, तुम्ही आता सल्ला देणं बंद करा," ताई म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी काका काळा कोट घालून गाडीत येऊन बसले. निवृत्तीच्या वेळी स्टाफनं शिवून दिलेला कोट. जूनमध्ये तो घालायला कोर्टाबद्दल खरी श्रद्धाच हवी. माझी काही नव्हती. न्याय जितका लहान तितके खांब मोठे, असं माझं तोवरचं निरीक्षण होतं, आणि त्या गावच्या चौकातल्या कोर्टानं निराश केलं नाही. समोर सहा दगडी खांब, वर घुमट, आणि दर्शनी दाराला कुलूप. सगळा गाव बाजूच्या दारानं आत जात होता. आत उजवीकडे मोटारींच्या नंबरप्लेटची खिडकी, डावीकडे कोर्टाची.

डावीकडच्या खिडकीत फोनवरच्या बाई होत्या. साठीच्या, स्वेटर घातलेल्या, गळ्यात साखळीला चष्मा. कोट पाहून त्यांनी काकांना विचारलं, "तुम्ही वकील का?"

"बेलिफ," काका ताठ होत इंग्रजीत म्हणाले. "रिटायर्ड."

बाईंनी माझी फाइल उघडली. वरच काकांचा अर्ज होता. "हे पत्र मी सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. "न्यायालयाच्या चरणी सविनय वगैरे. या काउंटीत आमच्याशी इतक्या नम्रपणे कोणी बोललेलं नाही. न्यायाधीशांनी लगेच पुढची तारीख दिली."

"तारीख दिली?" मी विचारलं.

"मे महिन्यातली. पत्र पाठवलं होतं. हे बघा, परत आलं."

काका लेकीकडे वळले. "पाहिलं? देली ना तारीख!"

ताई छताकडे बघू लागल्या. काकांचा चेहरा दोन दिवसांनी पहिल्यांदा उजळला. मग त्यांची नजर फाइलच्या आतल्या बाजूला गेली आणि तिथेच थांबली. तिथे पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी होत्या. उलट्या बाजूनं फाइल वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते एकेक ओळ बोट न लावता वाचत गेले. फोन केला, नंबर बंद. पुन्हा केला, बंद. विद्यापीठाला फोन, पत्ता देत नाहीत. दुसरं पत्र, परत. आठवडाभर थांबले. वॉरंट शेरिफकडे पाठवलं.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"नियम आहे?"

"नियम नाही," बाई म्हणाल्या. "पण न येणाऱ्यांतल्या निम्म्यांचा पत्ता बदललेला असतो आणि निम्मे घाबरलेले असतात. खरोखर पळणारे दोन-तीनच. त्यांच्यासाठी शेरिफ आहे."

 काका सावकाश माझ्याकडे वळले, आणि लाँड्रीच्या खोलीत कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "तू घर बदललं अन् कोर्टाला कळवलं नाही?"

"विसरलो, काका."

"सगळे हेच सांगतात. उन्हातान्हात आम्ही सायकल हाणत जाव, अन् माणूस पाहावं तर दोन घरं सोडून, खाटेवर पडलेला." ते खिडकीच्या आतल्या बाईंच्या शेजारी उभे असल्यासारखे वाटत होते. त्या क्षणापुरता मी त्यांचा कोणी नव्हतो. एकतीस वर्षं ज्याला हुडकलं, तोच माणूस होतो.

न्यायाधीश आले ते चालता चालता झगा चढवत. झग्याखालून जीन्स आणि चिखलाचे बूट दिसत होते. ललकारी नाही, पट्टेवाला नाही. पहिल्या माणसाला त्यांनी आधी त्याच्या आईच्या गुडघ्याबद्दल विचारलं, मग त्याच्या गुन्ह्याबद्दल. खांबांवरून मी काढलेला निष्कर्ष त्यांच्या बाबतीत तरी चुकला, हे मान्य करायला हवं.

शेवटी माझं नाव आलं. "तारखेला का आला नाहीत?"

खरं सांगतो, कावीळ माझ्या जिभेवर होती. मी मागे पाहिलं. तिसऱ्या बाकावर काळ्या कोटातले काका नकारार्थी मान हलवत होते.

"घर बदललं, सर, आणि कोर्टाला कळवायचं विसरलो."

"किती लांब गेलात?"

"पार्किंग लॉटच्या पलीकडे."

कोणीतरी हसलं. न्यायाधीशही हसले असावेत, पण त्यांनी ते कागदात लपवलं. वॉरंट रद्द झालं, दंड झाला, प्रकरण तिथेच मिटलं. सगळी मिळून चार मिनिटं.

खिडकीशी बाईंनी मला शिक्क्याचा कागद दिला. "राज्याच्या कॉम्प्युटरवरून नाव निघायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर हा जवळ ठेवा आणि तुमचा तो फॉर्म पाठवू नका. निघालं की मी फोन करते. नवा नंबर द्या."

मी लिहायला लागलो. "ठळक अक्षरात," काका मागून म्हणाले. "अन् पत्ता अपार्टमेंटच्या नंबरासकट."

गुरुवारी दुपारी मी विद्यापीठातून परतलो, तेव्हा आन्सरिंग मशीनचा दिवा लुकलुकत होता. बाईंचाच निरोप होता. नाव निघालं, मी स्वतः तपासलं, नोकरीसाठी शुभेच्छा, त्या कोटवाल्या गृहस्थांना नमस्कार सांगा. मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं, पाकीट बंद केलं आणि काकांना बोलावून आणलं.

त्यांनी निरोप दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा उभं राहून. मग कोर्टाच्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली, ती टेबलावर उलटी ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: इसम पत्त्यावर मिळून आला. समक्ष बजावले. खाली तारीख घातली, सही केली.

"पंच लागतात," ते म्हणाले आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"काका, मी तर आरोपी."

"मग ताईला बोलाव."