सोंडेची घसरगुंडी

पेणजवळच्या जोहे गावचा महिपती जन्मभर एकच वाक्य बोलत आला होता, "हात नको लावू." गणपतीच्या कारखान्यात माणूस दुसरं काय बोलणार? माती ओली, रंग ओला, आणि पोरं ती पोरंच. स्वतःच्या पोरांनाही त्यानं याच वाक्यावर वाढवलं, आणि कुणी बोट लावलंच तर पाठीत धपाटा घातला. आता पोरं आपापल्या वाटेनं गेली होती आणि महिपती दमला होता. हात दमले म्हणावं तर भाद्रपद तोंडावर आला की ते आपोआप चालायचे. दमलं होतं ते मन. वर्षभर खपून केलेलं काम लोक जपून न्यायचे, मखरात बसवायचे आणि चार दिवसांत पाण्यात सोडायचे. रीतच ती, तिच्याबद्दल तक्रार नव्हती. पण आपण केलेल्या वस्तूवर कुणी बसावं, लोळावं, तिला चांगल्या लाथा माराव्यात, असं त्याला अलीकडे फार वाटे. बायकोला, हौसाला, त्यानं हे एकदा बोलून दाखवलं.

"मंग पाट करा, सुतार व्हा," ती म्हणाली आणि रंगाची वाटी ढवळू लागली.

त्या साली रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या लतिकाबाई मूर्ती ठरवायला आल्या. बाई शाळेत शिकवत. बरोबर त्यांची पाच-सहा वर्षांची चिमी होती. चिमीनं एका ओल्या सोंडेकडे बोट नेलं मात्र, महिपती असा ओरडला की पोरगी आईच्या पदरात शिरून रडायलाच लागली. महिपतीला स्वतःचीच लाज वाटली. लतिकाबाई मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हात लावायचा हत्ती करून द्याल का, मिस्त्री? आमच्या परसात?"

बाईंचं म्हणणं असं होतं. महिपतीच्या लहानपणी पोरांना चिंचेला बांधलेला काथ्याचा दोर पुरे. नाहीतर सुपारीची गळलेली झावळी घ्यायची, एकानं वर बसायचं, बाकीच्यांनी ओढायचं. पुढे रोह्याकडे कंपन्या आल्या, मागोमाग वेल्डर आले, आणि परसापरसांत पाइपाचे झोपाळे नि पत्र्याच्या घसरगुंड्या उभ्या राहिल्या. लतिकाबाईंकडेही एक होती. पण उन्हाळ्यात तिचा पत्रा असा तापे की पोरं बूड धरून बोंबलत. म्हणून त्यांना विटा-सिमेंटचा हत्ती हवा होता. शेपटीकडून पायऱ्या चढायच्या आणि सोंडेवरून घसरायचं.

अनंत चतुर्दशी उलटल्यावर महिपती कामाला लागला. रोज जोह्याहून पेण, पेणहून रोहे, एसटीत उभ्यानं. कंबर मोडून जाई, तरी पुन्हा सकाळी तो निघे. हौसा म्हणायची, "या वयात पोराटकी सुचते तुमाला." सोंड त्यानं घोटून घोटून अशी गुळगुळीत केली की पाण्याचा थेंब ठरेना. अंगाला राखाडी ऑइल पेंट दिला, पाठीवर लाल झूल काढली. शेवटी डोळे. एवढ्यात शेजारणीनं चहा आणला. तिच्याशी बोलता बोलता त्यानं कुंचला फिरवला आणि मोकळा झाला.

रंग वाळला तसा लतिकाबाईंचा निरोप आला, एकदा येऊन जा.

महिपती गेला. परसात पोरं जमली होती, पण हत्तीपासून हातभर लांब, हात जोडून उभी. हत्तीच्या कपाळी कुंकू, डोक्यावर जास्वंद, पुढ्यात निरांजन. लतिकाबाईंच्या सासूबाई, कृष्णाबाई, वात सारखी करत होत्या. महिपतीनं हत्तीच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे बाप्पाचे होते. तेच लांबट, अर्धे मिटलेले, दयेनं भरलेले. हाताला दुसरे येतच नव्हते.

"बाप्पावर पाय नाय द्यायचा," चिमीनं त्याला बजावलं.

सारी धडपड ज्यासाठी केली तेच फुकट गेलं होतं. हाही हत्ती हात न लावण्याचाच झाला.

"आजी," तो म्हणाला, "ह्याचे डोळे पुसतो मी."

"भलतंच काय बोलतोस?" कृष्णाबाई कडाडल्या. "बघतोय तो आपल्याकडे. त्याचे डोळे पुसणार?"

"ह्याची पूजा कुनी सांगितली नवती, आजी. पोरांनी चढावं म्हनून केलाय ह्यो. डोळे माजे चुकले. पाप लागलं तर मला लागंल."

कृष्णाबाई निरांजन उचलून घरात निघून गेल्या.

महिपतीनं पॉलिश पेपर घेतला. हजारो डोळे आखले होते त्यानं, पुसला मात्र एकही नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं लपवलं नाही. डोळे गेले. आता नवे काढायचे कुणी? त्यानं कुंचला चिमीच्या हातात दिला. तिनं जीभ बाहेर काढून, मन लावून, दोन गोळे काढले. एक बशीएवढा, एक लिंबाएवढा. हत्ती बावळट दिसू लागला. एक पोर खुदकन हसलं, दुसऱ्यानं पायरीवर पाय टाकला, आणि मग कुणी कुणाचं ऐकेना.

वर्ष सरलं. दिवाळीच्या आधी लतिकाबाईंनी पुन्हा बोलावलं, रंग पार उडालाय म्हणून. महिपती डबे घेऊन गेला. झुलीचा लाल रंग कुठे शोधून सापडत नव्हता. सोंड मधोमध खरवडून आतलं सिमेंट वर आलं होतं आणि पोरांच्या चड्ड्यांनी घासून चकाकत होतं. एका कानाचा टवका उडाला होता. महिपतीनं सोंडेवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. त्याच्या हातची मूर्ती घरातून जायची ती नवी, पाण्यात जायची तीही नवीच. आपलं काम जुनं झालेलं त्यानं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

"कुठला रंग देताय?" लतिकाबाईंनी विचारलं.

"नाय देत," महिपती म्हणाला. "झिजू दे, बाई. माजं येक तरी झिजू दे."