दादाच्या गाडीचा वॉशर

डोळा लागतोय असं वाटतं आणि लागत नाही. दुपारची जेवणं उरकलीयत, मांडवात भांडी आपटतायत आणि मी गॅरेजात दादाच्या काळ्या गाडीत, मागच्या सीटवर पाय दुमडून पडलोय. मुठीत कार्ब्युरेटरचा व्हॉल्व्ह आहे, पेट्रोल अडवणारी सुई ह्याच्यातच बसते. गाडी सुरू केली की पेट्रोल ओसंडतं आणि तापलेल्या इंजिनावर ठिबकतं. संध्याकाळी पाठवणी. दादाची लेक ऋतुजा म्हणते, जाईन तर बाबांच्याच गाडीतून. आणि गाडी अशी गळत असली तर मी पोरीला आत बसू देणार नाही. मग रडू दे.

"नवी सुई घातलीस व्हय?"

पुढच्या सीटवर दादा बसलाय. खाकी पँट, मानेवर फडकं. मरून चार वर्षं झाली, फडकं तेवढंच मळलेलं.

"घातली. तरी गळतंय."

"मग ठोकलं असशील."

"ठोकलं. तुझीच पद्धत."

आमच्या गॅरेजात सगळे हेच करतात. ओसंडलं की पान्याच्या दांड्यानं कार्ब्युरेटरवर दोन टोले. अडकलेली सुई सुटते, गिऱ्हाईक जातं. दादानं छातीलाही तेच केलं. दुखायला लागलं की बरगडीवर मूठ आपटायची, 'गॅस हाय' म्हणायचं आणि पुन्हा गाडीखाली शिरायचं. वहिनीलासुद्धा सांगितलं नाही. माझा राग अजून गेलेला नाही. जाणारही नाही.

मी दार उघडतो तर खाली पंचगंगेचा घाट. पाणी पायरी पायरी वर चढतंय आणि त्याला पेट्रोलचा वास आहे. दादा गुडघाभर पाण्यात उभा. फ्लोटची, पेट्रोलवर तरंगणारी पितळी डबी कानाशी हलवून बघतो.

"आत पेट्रोल शिरल्यालं न्हाई. डबी चांगली हाय." मग व्हॉल्व्ह तोंडात धरून सुई दाबतो, फुंकतो. "सुई बी बसतीया. वारं कडेनं जातंय. हितला वॉशर कुठाय?"

"नव्हताच."

"नसंलच. मी शेवटचा खोलला तवा घालायचा ऱ्हायला…"

त्याची मूठ छातीकडे जाते. मी मनगट पकडतो. आता दवाखान्याचा बोळ आहे, ट्यूबलाइट फडफडतेय, पाणी मात्र घोट्याला लागतंच आहे.

"ठोकू नको," मी म्हणतो. "दुखतंय तर दुखतंय म्हण."

"दुखतंय."

आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय.

"हे आधी बोलायला काय झालं होतं रे तुला?"

"वरडतोस काय धाकल्या. पत्रिका दे."

"कसली?"

"माझ्या लेकीची. पयली देवाम्होरं ठेवलीस. मला कुठं दिलीस?"

वहिनीनं दोनदा सांगितलं होतं, फोटोपुढे एक ठेवा. मी घेतली आणि खिशात कोंबली. माणूस असा न सांगता निघून जातो, त्याला कसलं आवतण.

आता काढून देतो. तो वाचत नाही. अंगठ्यानं कागदाची जाडी बघतो, जसा गळती थांबवायच्या पॅकिंगचा कागद बघायचा.

"जाड हाय. चालंल वॉशरला. तेल लावून घाल." व्हॉल्व्ह पत्रिकेवर उभा ठेवतो, वर माझा तळवा टेकवतो. "दाब."

मी दाबतो.

"जीव खाऊन दाब की. पोरगी बसणाराय त्यात."

काचेवर टकटक होतं. ऋतुजा. हातभर हिरवा चुडा, कपाळाची हळद ओघळलेली.

"काका, झाली का बाबांची गाडी? नाहीतर सासरचे दुसरी सांगतो म्हणतायत."

मी उठून बसतो. तळवा दुखतोय. मूठ उघडतो तर व्हॉल्व्हखाली पत्रिका आहे, चुरगळलेली, आणि तिच्यावर खोल गोल वळ उठलाय. वॉशरच्या मापाचा. छापलेल्या नावांमध्ये दादाचं नाव आहे, कै. हिंदुराव. त्यातलं 'कै.' तेवढं बरोबर वळाच्या आत, कापून जायच्या भोकात आलंय.

"दुसरी कशाला," मी म्हणतो. "कात्री आण."