यांनी चोरून शिकलेली बंगाली

माझी नात बोलायला लागली ती बंगालीत. यात तिचा काही दोष नव्हता. माझी लेक नोकरीसाठी पुण्याला गेली, तिथे तिने एका बंगाली मुलाशी लग्न केलं आणि पुढे दोघं कोलकात्याला त्याच्या आईकडे राहायला गेली. सकाळी ऑफिसला निघालेली ती दोघं दिवेलागणीलाच घरी येत. दिवसभर बाळ माझ्या विहिणीजवळ. ज्या मांडीवर दिवस जातो तिथलीच भाषा तोंडात बसते, हे मला कळत होतं. तरी लेकीने फोनवर सांगितलं, "आई, ती आज जोल म्हणाली, म्हणजे पाणी," तेव्हा मी तोंडभर "वा!" म्हणाले आणि फोन ठेवून बराच वेळ ओट्याशी नुसती उभी राहिले. पाणी म्हणायला हिला काय झालं होतं, एवढंच मनात येत होतं.

दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असे. "बाळा, जेवली का?" मी विचारायची. नात माझ्याकडे बघायची आणि मग मान वळवून विहीणबाईंकडे. त्या तिच्या कानाशी लागून काही सांगायच्या, ती त्यांनाच उत्तर द्यायची, आणि मग त्या मला हिंदीत कळवायच्या, "कह रही है, मछली-भात खाया." माझ्या नातीचा शब्द माझ्यापर्यंत यायचा तो असा, दुसरीच्या तोंडून उष्टा होऊन. विहीणबाई स्वभावाने फार चांगल्या. कधी आवाज चढवला नाही, कधी मला तोडून बोलल्या नाहीत. बाई वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवसांत मला एकच आधार होता. माझ्या यजमानांची गतही माझ्यासारखीच होती. हे बँकेतून निवृत्त झालेले, मुळातच अबोल. फोनवर हात हलवायचे, हसायचे, आणि चष्मा पुसत बाजूला व्हायचे. आम्ही दोघं एका बाजूला आहोत, असं मी धरून चालले होते.

नात चार वर्षांची झाली त्या सुमाराची गोष्ट. एका रविवारी फोन लागला, मी नेहमीप्रमाणे "जेवली का?" म्हणणार, तेवढ्यात हे माझ्या खांद्यावरून पुढे वाकले आणि म्हणाले, "शोना, की कोरछो?"

सोने, काय करतेस, एवढंच विचारलं होतं. पण पोरगी आधी थिजली आणि मग तिने असा आनंदाचा चीत्कार केला की तिकडे विहीणबाई धावत आल्या. मग ती बोलतच सुटली. हे "हॅं, हॅं" करत, मध्येच अडखळत, पण उत्तरं देत होते. दादू, दादू, म्हणजे आजोबा, आजोबा करत तिने फोन तोंडाजवळ इतका नेला की पडद्यावर नुसते तिचे दात दिसायला लागले. मी कोपऱ्यात सरकत सरकत अखेर पडद्याबाहेर गेले. ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "कुठी शिकले?"

"बागेत," हे म्हणाले. "ते रेल्वेतून रिटायर झालेले बंगाली बाबू येतात ना संध्याकाळी, त्यायच्याजवळ."

"किती दिवसांपासून?"

"पावसाळ्यापासून असंन."

"अन् मले सांगतलं नाई?"

"तुले सांगतलं असतं तं तू हासली असती."

मी हसले असते, हे खरंच. पण चाळीस वर्षं ज्या माणसाच्या तोंडून शब्द काढायला मला चहाबरोबर चिवडा द्यावा लागला, तो माणूस आमच्या प्रताप नगरातल्या बागेत एका बाकावर बसून परक्या भाषेत "तुझं नाव काय, तू काय खाल्लंस" असं घोकत होता, आणि घरी येऊन मला म्हणत होता, फिरून आलो. एखाद्याने दुसरा संसार थाटावा तसं मला ते वाटलं.

त्यानंतर रविवार यांचा झाला. फोन लागला की नात माझ्याकडे बघून विचारायची, "दादू?" मी फोन यांच्या हातात द्यायची. मी फार हलकटासारखी वागायला लागले. नेमकी त्याच वेळी मला चटणी वाटायची असायची, आणि मिक्सर सुरू व्हायचा. हे दार लोटून घ्यायचे. मग मी त्या दाराशी केर काढत राहायची, कान आत ठेवून. काय एवढं बोलतात? कशाला हसतात? एखादा शब्द पुन्हा पुन्हा आला की मी तो मनात धरून ठेवायची आणि दिवसभर त्यावर जळत राहायची.

एकदा मीही प्रयत्न केला. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून, बाथरूमचा नळ सोडून, मी एक वाक्य पाठ केलं, 'मी तुझ्यावर प्रेम करते' अशा अर्थाचं. रविवारी धीर करून म्हटलं. नात माझ्याकडे टकमक बघत राहिली आणि मग खदखदून हसली. लहान मूल, हसणारच. पण हेही हसले. वर मला म्हणाले, "भालोबाशि म्हणावं, वं. ओठ गोल कर." मी त्या दिवशी बंगालीचं नाव टाकलं.

डिसेंबरात लेक नातीला घेऊन आली. ती यायच्या आधीच मी यांना बजावलं, "माझ्या घरात मराठी चालंन. पोरीच्या कानावर आजोळची भाषा पडली पाहिजे." यांनी मान डोलावली. पण दुसऱ्याच दिवशी मला बाल्कनीतून कुजबुज ऐकू आली. वाळत घातलेल्या चादरीमागे आजोबा आणि नात उकिडवे बसून, हळू आवाजात, चोरांसारखे बंगालीत बोलत होते. मी चादर बाजूला केली तशी पोरगी गप्प झाली आणि तिने यांच्या बाहीत तोंड लपवलं. माझ्यापासून लपवलं. तेव्हा मला जे झालं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मी चादरी ओढून काढल्या, अजून ओल्या होत्या तरी, आणि घड्या घातल्या.

त्याच आठवड्यात आम्ही माझ्या माहेरी, नरखेड तालुक्यात, भावाच्या मळ्यावर जायचं ठरवलं. संत्र्याची तोड चालू होती. मी यांना म्हटलं, "तुम्ही नका येऊ. तुमाले सर्दी आहे." यांना सर्दी नव्हती. यांनी आमची पिशवी उचलून दाराशी नेऊन ठेवली. आम्ही तिघीच एसटीने गेलो.

लेकीचं ऑफिसचं काम लॅपटॉपवर चालू होतं आणि मोबाइलला रेंज फक्त भावाच्या गच्चीवर मिळायची, म्हणून ती दिवसभर तिथे. नात माझ्याजवळ. आता तिला माझ्यावाचून कोणी नव्हतं. हेच तर मला हवं होतं, आणि पहिली सकाळ फार वाईट गेली. ती विहिरीजवळच्या झाडाखाली पाय पसरून बसली आणि रडायला लागली. ना हुंदका, ना आवाज. नुसती डोळ्यांतून धार.

माहेरच्या मातीत नातीशीही मी कधी आमच्या बोलीवर गेले ते मलाही कळलं नाही. "काहून रडून राहिली वं माय? काय झालं तुले?"

"दादू," ती म्हणाली. आणि मग बरंच काही. आणि मी ऐकता ऐकता थांबले, कारण मला कळत होतं. सगळं नाही. पण दादू का आला नाही, इथे मुंग्या आहेत, खिदे पेयेछे म्हणजे भूक लागली, एवढं मला कळलं. दाराशी केर काढताना मनात धरून ठेवलेले ते सगळे शब्द होते. मत्सराने कान दिला होता, आणि कानाने आपलं काम केलं होतं.

"भूक लागली? चाल, मामीआजीनं भाकर केली."

ती उठली. तिलाही माझं कळलं होतं.

मग आमचं तसंच चाललं. ती तिच्या भाषेत, मी माझ्या. मी संत्रं सोलून फोड दिली तर म्हणाली, "कमला लेबू." मी म्हटलं, "आमच्याकडे कमला बाईचं नाव असते वं." तिला ते कळलं नाही, पण मी हसले म्हणून तीही हसली. 'का' विचारायचा एक शब्द मात्र तिने माझ्याकडून उचलला. काहून. तिला त्याचा आवाजच आवडला असावा. मोटर बंद झाली, काहून? शेळी ओरडते, काहून? आजीचे केस पांढरे, काहून, काहून?

तिसऱ्या दिवशी दुपारी लेक गच्चीवरून खाली आली. आम्ही दोघी बाजेवर होतो आणि नात माझ्या पोटावर डोकं ठेवून काहून-काहून करत होती. लेक तशीच उभी राहिली.

"आई, हे काय शिकवलंस तिला?" तिने हसून म्हटलं, पण हसू धड नव्हतं. "मी एकदा शाळेत 'मले' म्हटलं तर तू मला रात्रभर 'मला, मला' म्हणायला लावलं होतंस."

"शाळेत चालत नव्हतं बाई तेव्हा."

"घरी तर चालत होतं. तू बाबांशी, मामीशी तशीच बोलायचीस. मी आत आले की भाषा बदलायचीस." मग म्हणाली, "माझ्याशी तू अशी कधी बोललीच नाहीस."

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. ते इतके दिवस माझ्याच चेहऱ्यावर होतं. "बस इथी," मी म्हटलं आणि सरकून जागा केली. ती बसली. मग मी तिला, लहानपणी मी याच विहिरीत कशी पडले होते, ते सगळं आमच्या बोलीत सांगितलं. ती मधून मधून "म्हणजे?" विचारत होती.

त्या दोघी परत गेल्याला आता वर्ष होत आलं. रविवारचा फोन अजून यांचाच आहे. नात आता यांना बंगालीत गोष्टी सांगते आणि मला फक्त हात हलवते. मत्सर गेला असं मी म्हणणार नाही.

पण मधल्या दिवसांत लेकीचा फोन येतो, सकाळी, ती टॅक्सीतून ऑफिसला जाताना. "बोल वं आई," म्हणते, "काय करून राहिला तू?" मी सांगते, "राहिला नाही, राहिली." ती पुन्हा म्हणून बघते. पलीकडे गाड्यांचे भोंगे वाजत असतात, आणि मी भाजी निवडत तिला आमच्या बोलीत आज काय केलं ते सांगत राहते.