उलटा पाळणा

दिग्रसच्या कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी पीएच.डी.ला नाव घातलं. मध्ययुगीन इंग्रजी कवितेतल्या कथा मुळात कुठून आल्या, हा विषय. त्यातल्या एका कथेत सरदार घरी येतो तर बाळाचा पाळणा उलटा पडलेला आणि कुत्र्याचं तोंड रक्तानं माखलेलं. तो कुत्र्याला मारतो. मग पाळण्याखाली बाळ सुखरूप सापडतं, शेजारी मेलेला साप. आपल्याकडे हीच गोष्ट मुंगसाची. मुंगसाचा कुत्रा कुठे झाला, ते मला शोधायचं होतं.

माझे मार्गदर्शक आमच्याच कॉलेजातले. ते म्हणाले, "जवळच्या तांड्यावर एक बंजारा म्हातारी आहे. तिच्या गोष्टीत कुत्राच आहे. रेकॉर्ड करून आणा."

तिला सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. तिनं गोष्ट सांगितली. कुत्रा, रक्त, उलटा पाळणा, सगळं जिथल्या तिथं. मी हरखून घरी आले. पण रेकॉर्डिंग पुन्हा ऐकताना खटकायला लागलं. इतकं तंतोतंत कसं जुळेल? तांड्यावर तर एकही पाळणा दिसला नव्हता. याडीची नात लुगड्याच्या झोळीत निजली होती.

रविवारी परत गेले. "याडी, तुमच्याकडे झोळी असते. गोष्टीत पाळणा कुठून आला?"

तिनं मला नीट न्याहाळलं. "काहून विचारून राह्यली? तुह्या सरनंच तं सांगतलं. माही गोष्ट मुंगसाची. थे म्हणे, एक बाई येईन, तिले कुत्रा सांगजो, पाळणा सांगजो."

असा तोंडी पुरावा इथे मिळतो, असं सरांनी एका लेखात आधीच लिहून ठेवलं होतं. आता तो पुरावा माझ्याकडून यायचा होता.

सरांना विचारलं तर ते हसले. "उदाहरण दिलं असेल मी. म्हातारी माणसं घोळ घालतात."

मी ते रेकॉर्डिंग वापरलं नाही. मार्गदर्शक बदलले, त्यात दोन वर्षं गेली. स्टाफरूममधले काहीजण बोलेनासे झाले.

मधे एकदा याडीकडून तिची मुंगसाची गोष्ट ऐकली. ऐकतानाही मन स्वस्थ नव्हतं. ही तरी तिची कशावरून? "याडी, हे तुम्हाला कोणी सांगितलं? नातवंडांच्या पुस्तकात होती का?"

ती उठलीच. "आता जाय बाई. मले तूर पाखडाची हाय."